गोझोची फेस्ता : मुक्काम हवाच

माल्टा देशातल्या गोझो बेटावर सांता मारियाची फेस्ता, म्हणजे मेरीमातेचा चर्चचा उत्सव, होते. 'गोझो एका दिवसात उरकतं, सांता मारियाही त्याच दिवशी बघून घ्या' असा सल्ला दिला जातो; त्यातला पहिला भाग पटतो, दुसरा अजिबात नाही. जगांतियाची मंदिरं, किल्ला, द्वेय्राचा किनारा हे दिवसात होतं (तिथली ती प्रसिद्ध दगडी कमान मात्र मार्च 2017 च्या वादळात कोसळली, जुने फोटो बघून जाऊ नका). पण फेस्ता खरी रंगते ती सूर्य कलल्यावर. 15 ऑगस्टला दुपारी व्हिक्टोरियाच्या, म्हणजे गोझोच्या मुख्य शहराच्या, मुख्य रस्त्यावर घोड्यांच्या शर्यती, संध्याकाळी किल्ल्यातल्या कॅथेड्रलमधून मूर्तीची मिरवणूक, मागेपुढे बँड, बाल्कन्यांतून कागदाच्या कपट्यांचा पाऊस. पाचच्या बोटीने परतणाऱ्याला यातलं निम्मंही दिसत नाही, आणि ते चुकवण्यासारखं खरंच नाही!

राहणं जमणारच नसेल तर माल्टाच्या मुख्य बेटावरच्या चिर्केव्वा बंदराहून येणारी-जाणारी मोठी फेरीबोट धरा. ती रात्रीही चालते, साधारण पंचवीस मिनिटांत पोचवते. वाहन मुख्य बेटावरच ठेवा, गाड्यांची रांग त्या दिवसांत फार लांबते. या बोटीचं तिकीट जाताना लागत नाही, फक्त परतताना गोझोच्या इम्जार बंदरावर घेतात. घोळ होतो तो रात्री व्हिक्टोरियाहून बंदर गाठताना: बस विरळ आणि टॅक्सी अडलेल्या, म्हणून परतीची गाडी आधीच ठरवून ठेवा. सोबत लहान मूल असेल तर कानांसाठी मफ घ्या, तिथे दिवसाही नुसत्या आवाजाचे बार उडतात. चर्चमध्ये शिरायचं तर खांदे झाकलेले हवेत.