रेट्रोपायमध्ये जुन्या ‘टीव्ही गेम’साठी स्वतंत्र सिस्टिम कशी उभारावी?

प्रश्न : जुनी_कॅसेट

नमस्कार. रास्पबेरी पाय ३ या छोट्या संगणकावर मी जुने व्हिडिओ गेम चालवणाऱ्या रेट्रोपायची ४.८ ही आवृत्ती बसवली आहे आणि एनईएस (निन्टेन्डोचे जुने गेमयंत्र) या सिस्टिमखाली सर्व खेळ सुरळीत चालतात. मात्र १९९० च्या दशकात आमच्या घरी खरा एनईएस कधीच नव्हता. आमच्याकडे होते ते बाजारात ‘टीव्ही गेम’ म्हणून मिळणारे, जपानी फॅमिकॉमची (एनईएसच्या जपानी रूपाची) नक्कल असलेले यंत्र, ज्यात साठ पिनांच्या कॅसेट बसत. यंत्र केव्हाच बंद पडले. कॅसेट शाबूत आहेत आणि त्यांपैकी अकरा कॅसेट मी रीडर लावून स्वतः उतरवून घेतल्या आहेत.

एनईएसखाली हे खेळ चालवले की ते ओळखीचे वाटत नाहीत. पात्रे घाईने धावतात आणि संगीत लवकर संपते. मी काहीही न सांगता धाकट्या बहिणीनेही ‘हे पळतंय’ असे म्हटले, तेव्हा हा केवळ माझ्या आठवणीचा दोष नाही याची खात्री पटली. एफसीईयूएमएम कोअरच्या (एनईएसचे खेळ प्रत्यक्ष चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) पर्यायांत रीजन ‘डेन्डी’ (अशा नकली यंत्रांची पद्धत) केल्यावर चाल अगदी घरच्यासारखी झाली. परंतु त्याच कोअरवर चालणारे एनईएसचे सारे खेळही मंदावले.

म्हणून ‘टीव्हीगेम’ नावाची वेगळी सिस्टिम करण्याचे ठरवले. ‘ईटीसी’मधील एम्युलेशनस्टेशनच्या (खेळांचा मेनू दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या) फोल्डरात असलेल्या ‘ईएस_सिस्टिम्स’ फाइलमध्ये एनईएसचा भाग खाली पुन्हा चिकटवून नाव बदलले. सुरुवातीला नवी सिस्टिम दिसलीच नाही. मग दिसली, पण खेळ निवडला की क्षणभर काळा पडदा येऊन परत मेनू येई. आणि रेट्रोपाय अद्ययावत केल्यावर ती सिस्टिमच नाहीशी झाली. यात नेमके कुठे चुकते आहे, आणि डेन्डीचा पर्याय केवळ याच सिस्टिमपुरता कसा ठेवावा, हे कृपया कोणी सांगाल का?

उत्तर : पाय_आणि_तारा

आपल्या तिन्ही अडचणींची कारणे वेगवेगळी आहेत. शेवटची आधी घेतो, कारण ती सुटल्याशिवाय बाकीचे श्रम वाया जातील. ‘ईटीसी’मधील फाइल ही रेट्रोपायची स्वतःची आहे आणि सेटअप चालवला की ती नव्याने लिहिली जाते. तिची प्रत आपल्या होम फोल्डरातील, टिंबाने सुरू होणाऱ्या लपवलेल्या एम्युलेशनस्टेशन फोल्डरात ठेवावी व बदल तिथे करावेत. ही प्रत सापडली की एम्युलेशनस्टेशन फक्त तीच वाचते, दोन्ही फाइली एकत्र करत नाही. त्यामुळे पुढे आपण एखादा नवा एम्युलेटर बसवलात तर त्याचा भाग या प्रतीत हाताने उतरवावा लागेल, अन्यथा तो मेनूत येणारच नाही. मी स्वतः याच कारणाने एक संपूर्ण रविवार घालवला आहे.

सिस्टिम न दिसण्याचे कारण बहुधा एक्स्टेन्शन (फाइलच्या नावातील टिंबानंतरचा भाग) असावे. फोल्डरात यादीतल्या एक्स्टेन्शनची एकही फाइल सापडली नाही, तर ती सिस्टिम दाखवलीच जात नाही. लिनक्स लहान आणि मोठी अक्षरे वेगळी मानतो, म्हणून रीडरने मोठ्या अक्षरांत नाव दिलेली फाइल लहान अक्षरांच्या यादीत बसत नाही. दोन्ही रूपे लिहावीत. बहुखेळी कॅसेट ‘यूएनआयएफ’ स्वरूपात उतरवल्या असतील तर तेही एक्स्टेन्शन जोडावे.

काळा पडदा येऊन परत जाणे हा मुख्य मुद्दा आहे. खेळ निवडला की एम्युलेशनस्टेशन थेट कोअर सुरू करत नाही. ते ‘रनकमांड’ या स्क्रिप्टला सिस्टिमचे नाव आणि खेळाचा पत्ता देते. रनकमांड त्या नावाचा फोल्डर रेट्रोपायच्या ‘कॉन्फिग्स’मध्ये शोधते, त्यातील ‘एम्युलेटर्स’ फाइल उघडते आणि तिथे ‘डिफॉल्ट’ म्हणून नोंदलेली आज्ञा चालवते. आपण सिस्टिमचे नाव बदललेत, पण हा फोल्डर बहुधा तयार केला नसावा. ‘कॉन्फिग्स’मध्ये ‘टीव्हीगेम’ फोल्डर करावा, त्यात एनईएसच्या फोल्डरातील ‘एम्युलेटर्स’ व ‘रेट्रोआर्च’ (कोअर ज्यात चालतात तो प्रोग्राम) या दोन्ही फाइलींची प्रत ठेवावी आणि त्यांतील ज्या ज्या पत्त्यांत एनईएसचा फोल्डर येतो तिथे नवे नाव घालावे. आज्ञेतील ‘सिस’ या खुणेनंतरचे नाव आणि या फोल्डरचे नाव अक्षरशः एकच असले पाहिजे. मी येथे नावे देवनागरीत लिहीत असलो तरी फाइलमध्ये ती रोमन लिपीतच हवीत.

फाइली सुपरयूझर म्हणून तयार केल्या असतील तर त्यांची मालकी ‘पाय’ या वापरकर्त्याकडे परत द्यावी. एवढे करूनही खेळ उघडला नाही, तर तात्पुरत्या स्मृतीतील ‘एसएचएम’ फोल्डरात रनकमांडची नोंदवही असते. तिच्या शेवटच्या दहा ओळी येथे टाकाव्यात.

उत्तर : विलंबित_लय

वरील मार्गदर्शन नेमके आहे. मी डेन्डीविषयी लिहितो, कारण हा पर्याय आपल्याकडच्या खेळाडूंसाठी किती मोलाचा आहे हे फारसे कोणी सांगत नाही.

भारतात दूरदर्शन पाल पद्धतीने, म्हणजे सेकंदाला पन्नास पडदे (पडद्यावर उमटणारी चित्रे) या गतीने चाले. त्यासाठी बनवलेल्या नकली यंत्रांत बहुधा यूएमसी कंपनीच्या यूए६५२७पी आणि यूए६५३८ या चिपा किंवा त्यांच्याच धर्तीच्या चिपा असत. आपल्या बंद यंत्राची पाटी उघडून हे क्रमांक दिसतात का ते अवश्य पाहावे. मूळ जपानी खेळ सेकंदाला साठ पडदे धरून लिहिलेले असल्याने पन्नासावर ते सुमारे एक षष्ठांशाने संथ होतात. एका मिनिटाचे संगीत ७२ सेकंद चालते. बहिणीने ‘पळतंय’ म्हटले ते म्हणूनच.

यावर कोणी ‘पाल’ हा पर्याय निवडायला सांगेल, पण तो घेऊ नये. युरोपातील खऱ्या पाल एनईएसचा प्रोसेसर १.६६ मेगाहर्ट्झवर चाले, जपानी यंत्राचा १.७९ वर, आणि डेन्डी पद्धतीच्या यंत्रांचा १.७७ वर. आवाजाची उंची प्रोसेसरच्या घड्याळावर ठरते, तर चाल पडद्यांच्या संख्येवर. त्यामुळे पाल निवडल्यास सूर सुमारे सात टक्क्यांनी, म्हणजे अर्ध्या स्वराहून किंचित अधिक खाली उतरतो. डेन्डीत मात्र सा जागचा जेमतेम हलतो आणि केवळ लय विलंबित होते. शिवाय डेन्डीत प्रत्येक ओळीमागे प्रोसेसरला मिळणारा वेळ जपानी यंत्राइतकाच ठेवलेला असल्याने मूळ खेळांची चित्रे विस्कटत नाहीत.

याच कोअरमध्ये ‘स्वॅप ड्यूटी सायकल्स’ असा आणखी एक पर्याय आहे. अनेक नकली चिपांत स्क्वेअर वेव्हच्या (चौकोनी ध्वनिलहरीच्या) २५ आणि ५० टक्के या दोन ड्यूटींची (लहर वर राहण्याच्या प्रमाणांची) अदलाबदल झालेली होती. त्यामुळे सूर तोच राहून आवाजाचा पोत बदलत असे. लहानपणी ऐकलेला तो काहीसा वेगळा, पोकळ स्वर आपल्याला पुन्हा ऐकायचा असेल, तर हा पर्याय चालू करून पाहावा. मी तो चालू केला त्या रात्री एकच धून कितीतरी वेळ ऐकत बसलो होतो.

आता हे सारे एका सिस्टिमपुरते ठेवण्याविषयी. कोअर एकच असल्याने त्याचे पर्यायही मुळात समाईक असतात. नव्या सिस्टिममधील कोणताही खेळ सुरू करून रेट्रोआर्चच्या मेनूत कोअरचे पर्याय बदलावेत आणि तिथेच ते ‘कंटेंट डिरेक्टरी’पुरते जतन करावेत, मग खेळांच्या फोल्डराच्या नावाने वेगळी फाइल तयार होते व एनईएसला धक्का लागत नाही.

उत्तर : फोटोफ्रेम

एक व्यावहारिक सूचना. खेळ पन्नासावर आणि टीव्ही साठावर असेल, तर सरकणारी पार्श्वभूमी अडखळत जाते. ‘एम्युलेटर्स’ फाइलमध्ये आज्ञेला ‘एलआर-एफसीईयूएमएम-डेन्डी’ असे निराळे नाव द्यावे, डिफॉल्टच्या ओळीतही तेच लिहावे, आणि खेळ सुरू होताना बटण दाबून रनकमांडच्या मेनूत त्या एम्युलेटरसाठी पडद्याची पद्धत निवडावी. पाय ३ वरील पडद्याच्या नेहमीच्या चालकात (ड्रायव्हरमध्ये) ७२० ओळी आणि ५० हर्ट्झ यांसाठी सीईए (टीव्हीच्या पडदापद्धतींचे प्रमाणित क्रमांक) १९, तर १०८० साठी सीईए ३१ हा क्रमांक आहे. टीव्हीला ही गती बहुधा झेपते. संगणकाच्या मॉनिटरला झेपेलच असे नाही.

सिस्टिमचे पूर्ण नाव देवनागरीत लिहिण्याचा मोह होईल. या एम्युलेशनस्टेशनला जोडाक्षरे आणि वेलांट्या जुळवता येत नाहीत, त्यामुळे अक्षरे विस्कटतात. मी थीमची प्रत होम फोल्डरात घेऊन त्यात नव्या सिस्टिमचा फोल्डर केला आणि इंकस्केप या चित्रे रेखाटण्याच्या प्रोग्राममध्ये ‘टीव्ही गेम’ ही अक्षरे रेखाटून, त्यांचे पाथमध्ये रूपांतर करून बोधचित्र म्हणून ठेवली. मेनूत आपली लिपी दिसली की फार बरे वाटते.

प्रश्नकर्ता : जुनी_कॅसेट

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. कॉन्फिग्समधील फोल्डर नव्हताच. तो केल्यावर खेळ लगेच उघडले. एक्स्टेन्शनही मोठ्या अक्षरांतच निघाले. यंत्र उघडून पाहिले, तर एका चिपेवर यूए६५३८ हा क्रमांक स्पष्ट आहे. दुसरी चिप काळ्या लाखेच्या थेंबाखाली आहे. ड्यूटीची अदलाबदल चालू केल्यावर बहीण स्वयंपाकघरातून बाहेर आली.

एकच गोष्ट उरली आहे. बहुखेळी कॅसेट मी ‘टीव्हीगेम’मध्येच एका उपफोल्डरात ठेवल्या आहेत. त्या अजूनही साठाच्या गतीने धावतात.

उत्तर : विलंबित_लय

जतन केलेले पर्याय खेळाच्या लगतच्या फोल्डराच्या नावाशी बांधलेले असतात, वरच्या फोल्डराशी नाही. त्यामुळे उपफोल्डरातील खेळांना ते लागू होत नाहीत. सर्व खेळ एकाच पातळीवर ठेवावेत. किंवा ‘टीव्हीगेम’च्या रेट्रोआर्च फाइलमध्ये ‘कोअर ऑप्शन्स पाथ’ या नावाने पर्यायांच्या वेगळ्या फाइलचा पत्ता द्यावा, म्हणजे उपफोल्डर कितीही असले तरी चालतील. ती ओळ समाईक फाइल जोडणाऱ्या ‘इन्क्लूड’च्या ओळीच्या वरच लिहावी, कारण रेट्रोपायच्या मांडणीत आधी आलेले मूल्यच ग्राह्य धरले जाते.