मदत हवी आहे: दोघांच्या प्रवासाचे हलकेफुलके जुने वेस्टर्न भाग, आणि डेडवूडचा रस्ता

नमस्कार मंडळी,

दोन माणसं घोड्यावर नाहीतर बग्गीत बसून कुठेतरी निघाली आहेत. वाटेत भांडतायत, फसतायत, एकमेकांना फसवतायतसुद्धा, पण वेळ आली की एकमेकांना सोडवतायत. आणि शेवटी रस्त्यावर कुणाचं प्रेत पडत नाही. जुन्या अमेरिकन वेस्टर्न मालिकांमधले असे भाग मला हवे आहेत. इथे या मालिका मनापासून पाहिलेली बरीच मंडळी आहेत हे जुन्या धाग्यांवरून कळलं, म्हणून विचारते.

बघणार आहेत माझे बाबा. सातारा जिल्ह्यातल्या एका आगारातून एसटीचे चालक म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी लांब पल्ल्याच्या आणि मुक्कामी गाड्यांवर. सध्या आमच्याकडे डेन्व्हरला आले आहेत. आम्ही दोघं कामावर, मुलगी शाळेत, आणि पायी जाऊन चार माणसं भेटतील असं घराजवळ काही नाही. त्यात त्यांना मीटीव्ही हे जुन्या मालिकांचं चॅनल सापडलं. इंग्रजी त्यांना वाचता येतं, पण या लोकांचे उच्चार कानाला लागत नाहीत. म्हणून पडद्यावर खाली अक्षरं लावून ठेवते आणि ते आरामात बघतात.

'गनस्मोक' त्यांना आवडतं. पण 1955 ते 1975 अशी वीस वर्षं चाललेली, 635 भागांची मालिका आहे ती, आणि त्यातले कितीतरी भाग सूड, फाशी आणि दफनाचे. "दिवसभर मी एकटाच असतो, मला सोबतीची माणसं दाखव," असं बाबा परवा म्हणाले. हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

सोबतीची माणसं म्हणजे काय ते सांगते. लायब्ररीतून 'मॅव्हरिक'च्या दुसऱ्या सीझनच्या डीव्हीडी आणल्या. त्यात 'टू बेगर्स ऑन हॉर्सबॅक' हा 1959 च्या जानेवारीतला भाग होता. ब्रेट आणि बार्ट हे दोघे भाऊ, दोघेही पत्त्यांवर पोट भरणारे आणि दोघांचाही मारामारीपेक्षा पळून जाण्यावर विश्वास. इथे एक चेक वटवण्यासाठी त्या दोघांची आपसातच शर्यत लागते. बाबा पुढे सरकून बसले होते. मागे पडलेला भाऊ कसा पुढे येणार याचा अंदाज मोठ्याने सांगत होते, आणि मधेच "अरे, त्या घोड्याला पाणी कधी दाखवणार?" असं पडद्याला विचारत होते. त्या रात्री (म्हणजे तिकडच्या सकाळी) त्यांनी कंडक्टरकाकांना फोन लावून अख्खी गोष्ट सांगितली. कंडक्टरकाका म्हणजे बाबांच्या गाडीवरचे वाहक. एकाच गाडीवर दोघांनी इतकी वर्षं काढली, की मुक्कामाच्या गावात कोण आधी अंघोळीला जाणार यावरून आजही फोनवर वाद होतो. बाबांना त्या दोन भावांत हेच दिसलं असणार.

मला स्वतःला त्या भागात आवडलं ते असं, की धोका खरा आहे पण बेताचा. पैसे जातील, अब्रू जाईल, जीव जाणार नाही. त्यामुळे लेखकाला बंदुकीवर अवलंबून राहता येत नाही, प्रत्येक वळणावर कुणाला तरी डोकं लढवावं लागतं. आणि दोघं एकमेकांना पुरते ओळखून असल्यामुळे एकाने थाप मारली की दुसऱ्याला ती लगेच कळते. अनोळखी माणसांत ही गंमत येत नाही.

मालिकेबद्दल वाचलं तेव्हा कळलं, की बार्ट मुळात नव्हताच. 22 सप्टेंबर 1957 ला 'मॅव्हरिक' सुरू झाली ती जेम्स गार्नरच्या एकट्या ब्रेटवर. पण एक भाग चित्रित व्हायला आठवड्याहून जास्त दिवस लागत आणि दाखवायचा तर दर आठवड्याला. हिशोब जमेना, म्हणून दुसरा भाऊ आणला, जॅक केली, आणि दोन तुकड्या समांतर काम करू लागल्या. म्हणजे बरेच भाग एकेकट्या भावाचे आणि दोघं एकत्र असलेले मोजके. मला नेमके ते मोजके हवेत.

'बोनान्झा'त हॉस आणि लिटल जो या भावांचे विनोदी भाग आहेत, पण त्यातले आम्ही पाहिलेले बहुतेक घराच्या आसपासच घडतात. बाबांना रस्ता लागतो. 'गनस्मोक'मधले गावचे डॉक्टर डॉक आणि मार्शलचा मदतनीस फेस्टस सतत एकमेकांना टोचत असतात, ते फार छान आहे. ते दोघंच लांबच्या प्रवासाला निघालेत आणि वाट चुकलेत, असा भाग कुणाला आठवत असेल तर नक्की सांगा.

आता दुसरी मदत. हे सगळं बघून बाबांना खरी स्टेजकोच, म्हणजे त्या काळची प्रवासी घोडागाडी, जवळून बघायची आहे. ती हलते कशी, ब्रेक कुठे, सहा घोड्यांचे लगाम एका माणसाच्या हातात कसे राहतात, हे त्यांचे प्रश्न आहेत आणि मला एकाचंही उत्तर देता येत नाही. वायोमिंगमधलं शायेन ते साउथ डकोटातलं डेडवूड हा जुना स्टेजकोचचा रस्ता आमच्यापासून गाडीने जाण्यासारखा आहे. ऑक्टोबरमध्ये जावं असं चाललंय. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे कुरकुरतात. वाटेत काय बघावं आणि काय टाळावं?

---

मॅव्हरिकचा दुसरा सीझन पूर्ण बघा

त्याच सीझनमध्ये 'शेडी डील अॅट सनी एकर्स' आहे, 23 नोव्हेंबर 1958 चा. त्यात प्रवास नाही हे आधीच सांगतो. बँकवाला ब्रेटचे पैसे गिळतो, आणि ब्रेट अख्खा भाग हॉटेलसमोर खुर्ची टाकून लाकूड तासत बसतो. कुणी विचारलं की सांगतो, काम चालू आहे. काम करत असतो बार्ट, गावात वेगळ्याच नावाने येऊन. दोन भावांचा एकमेकांवर केवढा भरवसा आहे हे त्या बसून राहण्यातून जितकं दिसतं तितकं शर्यतीतही दिसत नाही. रस्ता नसला तरी बाबांना दाखवाच.

दोघं एकत्र असलेल्या भागांबद्दल एक गोष्ट. निर्माते रॉय हगिन्स लेखकांना सांगायचे, की संवाद लिहिताना डोळ्यांसमोर गार्नरच ठेवा, मग भूमिका कुणाचीही असो. अशा संहितांमध्ये नावांच्या जागी नुसतं मॅव्हरिक एक आणि मॅव्हरिक दोन असायचं, आणि आपण कोणता करणार ते आधी आलेला म्हणून गार्नर ठरवायचा. म्हणूनच दोघं सारखेच हजरजबाबी वाटतात, कुणी एक बावळट जोडीदार होत नाही.

बाबा पत्ते खेळत असतील तर पहिल्या सीझनमधला 'रोप ऑफ कार्ड्स'ही बघा. पिसलेल्या कॅटमधून कुठलीही 25 पानं घ्यायची आणि त्यांचे पोकरचे पाच पक्के हात (पान न बदलता पुरे होणारे, पाच-पाच पानांचे) लावायचे, हा डाव त्यात येतो. अशक्य वाटतो, पण बहुतेक वेळा जमतो. दुपारचा वेळ उत्तम जाईल.

---

'एलियस स्मिथ अँड जोन्स'

तुम्ही मागताय ती अख्खी मालिकाच आहे. जानेवारी 1971 ला सुरू झाली, एकूण 50 भाग. हॅनिबल हेज आणि किड करी हे दोन नामचीन दरोडेखोर. वायोमिंगचे गव्हर्नर त्यांना सांगतात, की वर्षभर सरळ वागा, मग माफी देऊ. मात्र हा करार गुपित राहील. म्हणजे पोलीस मागे, बक्षिसासाठी टपलेले मागे, जुने साथीदार मागे, आणि दोघांना कुठेच मुक्काम करता येत नाही. सतत रस्त्यावर. गोळी घालायचीही चोरी, कारण माफी जाईल. तुम्ही म्हणता तो बेताचा धोका इथे गोष्टीच्या पायातच घातलेला आहे.

सुरुवात 'द मॅक्रीडी बस्ट'ने करा. एका जमीनदाराला सीमेपलीकडच्या दुसऱ्या जमीनदाराकडून सीझरचा पुतळा आणून हवा असतो, आणि हे दोघं मधे अडकतात. मग 'राँग ट्रेन टू ब्रिमस्टोन'. ज्या आगगाडीत बसायला नको नेमक्या तिच्यातच बसतात, आणि ती भरलेली असते गुप्तहेरांनी. बाबांसाठी मुद्दाम 'स्टेजकोच सेव्हन', त्यात स्टेजकोचचं ठाणं आहे, पण हा थोडा गंभीर आहे.

एक सांभाळा. हेजचं काम करणारा पीट ड्यूएल 31 डिसेंबर 1971 ला वारला. त्यानंतर रॉजर डेव्हिसने ती भूमिका केली. डेव्हिसने मेहनत केली आहे, पण जोडी ती राहिली नाही. ड्यूएलचे भाग आधी बघून घ्या, आणि मधेच चेहरा का बदलला हे बाबांना आधी सांगून ठेवा.

---

'अस हॅगन्स'बद्दल सावध

'गनस्मोक'मध्ये दोघांचा प्रवास शोधायला गेलात की डिसेंबर 1962 चा 'अस हॅगन्स' समोर येईल. फेस्टसचा हा पहिलाच भाग, त्यात तो आणि मालिकेचा नायक मार्शल मॅट डिलन फेस्टसच्या काकाला शोधत बरोबर निघतात. फेस्टसच्या बोलण्यामुळे वाटेत हसू येतं, पण काका खुनी आहे आणि शेवट हलका नाही. भाग फार चांगला आहे, तरी तुमच्या कामाचा नाही. पुढे 1964 मध्ये फेस्टस कायमचा आला आणि डॉकशी त्याची भांडणं रंगली. तुम्ही म्हणता तसा भाग त्यानंतरच्या सीझनमध्ये शोधा.

---

रस्त्याबद्दल

आम्ही शायेनला राहतो, हा रस्ता पायाखालचा आहे.

शायेनहून 85 नंबरचा हायवे धरा: टॉरिंग्टन, लस्क, न्यूकॅसल, मग डेडवूड. जुनी स्टेजकोच 1876 ते 1887 या काळात साधारण याच दिशेने जायची. टॉरिंग्टनच्या पुढे थोडी वाट वाकडी करून फोर्ट लॅरमी बघा. तिथे नॉर्थ प्लॅट नदीवर 1875 चा लोखंडी पूल उभा आहे, स्टेजकोच याच पुलावरून जायची. चालक माणसाला तो पूल आवडेल. लस्कच्या संग्रहालयात या मार्गावर खरोखर धावलेली कोच आहे. छोट्या गावातलं संग्रहालय आहे, ऑक्टोबरमधल्या वेळा फोन करून विचारा. डेडवूडच्या 'डेज ऑफ सेव्हन्टी-सिक्स' संग्रहालयात तर गाड्यांचा मोठा संग्रहच आहे.

बाबांच्या प्रश्नांपैकी दोनाची उत्तरं देतो. कॉनकॉर्ड नावाच्या या प्रकारच्या कोचला आपल्या बससारखे लोखंडी पाटे नसत. सगळा सांगाडा जाड चामड्याच्या पट्ट्यांवर टांगलेला असे, म्हणून गाडी आदळण्याऐवजी झुलायची. कुणाला बरं वाटे, कुणाला मळमळे. घोड्यांचं म्हणाल तर 15 ते 25 किलोमीटरवर ठाणं असायचं आणि तिथे जोड्या बदलायच्या, कोच पुढे. एकच घोडा दिवसभर उधळतो ते फक्त टीव्हीवर. स्वाराचा चांगला घोडा दिवसाला 50-60 किलोमीटर गेला तरी पुष्कळ झालं. बाबा पाण्याचं विचारतात ते अगदी बरोबर आहे.

आणि त्यांना हेही सांगा, की चालकाशेजारी बंदूक घेऊन एक रखवालदार बसायचा, कंपनीची तिजोरी सांभाळायला. म्हणजे गाडीवर दोघंच. सोनं नेण्यासाठी याच मार्गावर पोलादी पत्रे ठोकलेली 'मॉनिटर' नावाची कोच होती, तीसुद्धा 26 सप्टेंबर 1878 ला कॅन्यन स्प्रिंग्जच्या ठाण्यावर लुटली गेली.

लस्क ते न्यूकॅसल जवळपास सगळं रिकामं आहे. म्यूल क्रीक जंक्शनला थांबण्याची जागा आहे, तिथे पाय मोकळे करा. पेट्रोल लस्कला भरा, दशम्या-चटणी बरोबर ठेवा. ऑक्टोबरमध्ये बर्फ पडू शकतो, आदल्या रात्री हवामान बघूनच निघा. माउंट मोरिया दफनभूमीत वाइल्ड बिल हिकॉक आणि कॅलॅमिटी जेन या त्या काळच्या गाजलेल्या दोघांच्या कबरी आहेत, पण चढ उभा आहे. गुडघे दुखत असतील तर चालत जाऊ नका.

---

धन्यवाद, आणि अजून एक

सगळ्यांचे मनापासून आभार. 'एलियस स्मिथ अँड जोन्स'चा पहिला सीझन लायब्ररीत मिळाला. 'राँग ट्रेन टू ब्रिमस्टोन' बघून झाला. गुप्तहेरांची गाडी कळल्यावर बाबांनी टाळी वाजवली, आणि लगेच दुसऱ्यांदा लावायला सांगितला. 25 पानांचा डाव मुलीला आणि त्यांना दोघांनाही लागलाय, जेवणाचं टेबल सध्या त्यांच्या ताब्यात आहे.

रखवालदाराचं वाचून दाखवलं तर म्हणाले, "मग तिकिटं कोण फाडायचं?" हे कुणाला माहीत असेल तर सांगा. भाडं ठाण्यावर आधीच घ्यायचे का, आणि वाटेत चढणाऱ्याचं काय करायचे?

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात निघायचं ठरवतोय. लस्कला उद्या फोन करते. शायेनवाल्यांना विनंती, की तुम्ही त्या शनिवारी घरी असाल तर जाताना बाबांना अर्धा तास तुमच्याकडे घेऊन येऊ का? त्यांना या रस्त्याबद्दल मराठीतून बोलणारं माणूस भेटेल.

शेवटचं: कंडक्टरकाकांना कराडजवळ बसून हेच भाग बघता यावेत अशी सोय करायची आहे. इथल्या डीव्हीडी तिकडच्या प्लेअरवर रीजनच्या (देशांच्या गटानुसार लावलेल्या) कुलपामुळे चालतीलच असं नाही. घरात साधा टीव्ही आणि मोबाइल आहे, पुतण्या लावून देऊ शकतो. भारतात रीतसर विकत घेऊन 'मॅव्हरिक' बघणारं कुणी आहे का? कसं बघता ते कृपया पायरीपायरीने लिहा, म्हणजे तसंच पुतण्याला पाठवते.