मुखवटा लाजरेपणा घालवतो, पण आधी मान शिकवा

नाटकाच्या वर्गात मुखवटा चढवताच लाजरी मुले खुलतात, हे मत मला मान्य आहे. मात्र आठवी-नववीची मुले खुलली की आधी हातवारेच वाढवतात, आणि मुखवट्याला ते मुळीच मानवत नाहीत. धुळे जिल्ह्यातल्या साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात भोवाडा (मुखवटे घालून सोंगे नाचवण्याचा आदिवासी लोकनाट्यप्रकार) पाहिलेल्यांना ठाऊक असेल की सोंग हातांत नव्हे, तर संबळाच्या ठेक्यावर आधी पावलांत उतरते. म्हणून वर्गात प्रथम कोरा, भावहीन मुखवटा द्यावा, तो प्रेक्षकांकडे पाठ करून चढवायला लावावा आणि डोळ्यांऐवजी नाकाच्या शेंड्याने पाहायला सांगावे, म्हणजे मान आपोआप वळते. बोलणे पूर्ण बंद. मुखवट्याला हात लावला की पात्र संपते, हा नियम मुले (आश्चर्य म्हणजे दंगेखोरच अधिक) कसोशीने पाळतात.