'स्वतःप्रत अर्पण' : सोपा पर्याय आहे का?

पायवाट : आमच्या शाळेत परिपाठाला संविधानाची उद्देशिका रोज होते. सातवीला शेवटच्या ओळीचा अर्थ विचारला : 'हे संविधान अंगीकृत आणि अधिनियमित करून स्वतःप्रत अर्पण करत आहोत.' एक जण म्हणाला, "सर, प्रत्येकाला एकेक प्रत दिली." कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही! 'स्वतःला' म्हटलं तर चालेल?

गोदाकाठ : 'प्रत' इथे शब्दयोगी अव्यय. 'निर्णयाप्रत येणे' मधलं. संस्कृत 'प्रति'. झेरॉक्सची प्रतही तिथूनच आली असावी, हा आपला माझा तर्क. पण 'स्वतःला अर्पण' कानाला कसंसंच लागतं.

तिरकस बाण : लागू दे की, धडा तोच आहे! संविधानाआधीचा १९३५ चा भारत सरकार कायदा ब्रिटिश पार्लमेंटने केला होता. हे संविधान आपलं आपणच केलं आणि आपल्यालाच दिलं. हिंदीत 'आत्मार्पित' आहे, तेही काही सोपं नाही म्हणा.

शुद्धमती : अधिकृत मजकूर आहे हो तो, मनाला येईल तसा बदलायचा नसतो. उद्या 'बंधुता प्रवर्धित करण्याचा' मधलं 'प्रवर्धित'ही काढाल. आम्ही पाठ केलंच ना?

ओसरी : पाठ केलंत, कळलं किती? मी ग्रामपंचायतीच्या महिला सदस्यांची प्रशिक्षणं घेते. मूळ वाक्य वाचते आणि लगेच बोलीत सांगते : प्रवर्धित म्हणजे वाढीस लावणं. 'स्वतःप्रत' समजावल्यावर एक ताई म्हणाल्या, "आपणच आपल्याला दिलंय, मग ग्रामसभेची नोटीस आमच्या वस्तीवर का लागत नाही?" पुढचा तास त्यावरच गेला.

गोदाकाठ : वा! पण मला वेगळंच खटकतं. उद्देशिकेत 'गणराज्य', आणि २६ जानेवारीला मात्र 'प्रजासत्ताक दिन'. प्रजा म्हटली की राजा आलाच.

शुद्धमती : प्रजा म्हणजे मुळात संतती. राजा नंतर चिकटला.

तिरकस बाण : म्हणजे संततीसत्ताक? आपल्याकडची राजकीय घराणी बघता शब्द अगदी चपखल आहे.

पायवाट : 😄 अहो, पण उद्या वर्गात काय सांगू?

गोदाकाठ : थांबा हो सर, आधी 'गण'चं बघू. गणपतीतला गण आणि पंचायत समितीच्या निवडणुकीतला गण एकच का?