पानिपतची उपासमार : गोविंदपंत बुंदेल्यांना दोष द्यायचा का?

दाणाबंदरवाला : संक्रांत आली की शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर हेच ऐकू येतं, की पेशव्यांचे दुआबातले, म्हणजे गंगा-यमुनेमधल्या मुलखातले, मामलेदार गोविंदपंत बुंदेले यांनी रसद पोचवली असती तर पानिपत जिंकलो असतो. मला हे अजिबात पटत नाही. माझी उमेदीची वर्षं दाणाबंदरात धान्याच्या धंद्यात गेली. पोत्यात सळई खुपसायची, तळहातावर आलेले दाणे चोळून बघायचे, भाव ठरायचा. पण गाडी हलायची ती पैसे कोण देणार हे कळल्यावरच. मराठी फौजेचे सेनापती भाऊसाहेब, यांची पंतांना लिहिलेली पत्रं इतिहासकार राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडात वाचा. पैसा पाठवा, नावा जमवा, अवधच्या नवाब सुजाला अडवा, अब्दालीची रसद तोडा, सगळं एकाच वयस्क मामलेदाराच्या गळ्यात! कोण जिंकतंय ते कळेपर्यंत दुआबातली रयत सारा भरणार कशी? ऑगस्ट 1760 मध्ये दिल्लीच्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत वितळवायची पाळी आली, त्यातच तिजोरीची अवस्था दिसते.

परळकर : काका, वसुलीचा माणूस म्हणूनच त्यांची जबाबदारी मोठी. प्रांत हातात, जुनी बाकी अंगावर, आणि भाऊ पत्रामागून पत्र धाडतायत. वेळेवर पैसा गेला असता तर धान्य आपोआप आलं असतं.

माहीमचा निवृत्त सुभेदार : आलं असतं कुठून? ऑक्टोबरात अब्दाली बागपतला यमुना उतरला आणि दिल्लीची वाट तुटली. पंत नदीपलीकडे, फौज अलीकडे. आपण जिंकलेल्या कुंजपुऱ्याच्या किल्ल्यातली लूट किती दिवस पुरणार? मी पुरवठ्यात नोकरी केली आहे, खाणारी तोंडं आधी मोजावी लागतात. बायकामुलं आणि जड सामान मागे ठेवा, असं जाट राजा सुरजमल आणि मल्हारराव होळकर दोघंही सांगत होते.

दाणाबंदरवाला : तेच तर! तरीही पंतांनी रसद तोडून अब्दालीच्या छावणीत धान्य महाग करून दाखवलं. त्याच कामात डिसेंबरात मारले गेले. पुढे दिल्लीहून खजिना घेऊन निघालेले स्वार रात्री वाट चुकून अफगाणांच्या छावणीत शिरले आणि कापले गेले. 14 जानेवारी 1761 ला आपली माणसं उपाशीपोटी लढली. ज्या माणसाने जीव दिला त्याला कामचुकार म्हणणं मला सहन होत नाही.

परळकर : जीव दिला हे मान्य, त्यांना नमस्कार. पण उशीर तो उशीरच. आणि एकट्यावर इतकं ओझं होतं म्हणता, तर मल्हाररावांना नोव्हेंबरातच थोड्या स्वारांनिशी दुआबात का उतरवलं नाही? यावर कुणीतरी बोला.