मदत हवी आहे: पावसाळ्यात लॅकर पांढरं पडतंय, थिनर खराब का हवा?

सागवानी: मंडळी, चिपळूणला घरच्या दारांना एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारणं चालू आहे. मे महिन्यात झालेली दारं एकदम लख्ख आली, आता जुलैत तोच थिनर, तोच पॉलिशवाला, आणि गन फिरवून पाच मिनिटं होत नाहीत तोवर वर दुधाची साय धरल्यासारखं पांढरट होतं. संध्याकाळी जास्तच. पॉलिशवाला म्हणतो थिनर भेसळीचा, दुकानदार म्हणतो कॉम्प्रेसरमध्ये पाणी, आणि मी आपला दोघांच्या मधे. दारं परत खरवडायची का? हॅलोजन लावून वाळवू का?

रंगारी_कोकण: हॅलोजन अजिबात नको!! बंद खोलीत थिनरची वाफ भरलेली असते, एक ठिणगी पुरे. बाकी नंतर.

उकळबिंदू: थिनरला उगाच बदनाम करताय. त्याचा बोळा हातात धरून बघा, गारढोण लागतो की नाही? थिनर उडताना लागणारी उष्णता लाकडावरूनच ओढून घेतो. आता तुमच्याकडे हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के धरली तर दवबिंदू येतो साधारण २६ वर, म्हणजे पृष्ठभाग नुसता दोन-तीन अंश गार झाला तरी हवेतलं पाणी त्या ओल्या थरावर बसणार, आणि नायट्रोसेल्युलोज पाण्यात विरघळत नाही त्यामुळे ते फुटून पांढरं दिसतं. याला ब्लशिंग म्हणतात. थिनरमधलं ॲसिटोन ५६ अंशाला उकळतं, टोल्युइन १११ ला, ब्युटाइल सेलोसॉल्व १७१ ला. पटकन उडणारा माल जास्त असेल तर गारवा जास्त, म्हणून मे मधे चालला तो थिनर जुलैत नडतो.

सागवानी: अच्छा, म्हणजे भेसळ नाहीच? मग आता करू काय?

उकळबिंदू: भेसळीशिवायही हे होतंच. दुकानात रिटार्डर, म्हणजे सावकाश उडणारा माल, मागा, थिनरमधे थोडाच घाला, जास्त झाला तर थर दिवसभर चिकट राहतो. पांढरी झालेली दारं खरवडू नका आधी, त्यावर रिटार्डरवाल्या थिनरचा एकच हलका हात फिरवा, थर परत मऊ होऊन अडकलेलं पाणी निघून जातं. बहुतेक वेळा साफ होतं. थर पातळ ठेवा, आणि काम दुपारी उघडीप असेल तेव्हाच.

रंगारी_कोकण: +१. आणि दुकानदार अगदीच खोटा नाही हां, पावसात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतंच. खालचा कॉक रोज सकाळी उघडायला सांगा त्या पॉलिशवाल्याला.