अपाचीवर पीएचपीचे मॉड्यूल पुन्हा चालू होत नाही, ‘एमपीएम_इव्हेंट’ आडवे येते

ग्रंथसेवक_नागपूर

नमस्कार. धरमपेठेतील एका लहान सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथसूचीचे संगणकीय काम मी फावल्या वेळात पाहतो. मे महिन्याच्या उन्हात आमचे जुने यंत्र कायमचे बंद पडले, म्हणून दुसऱ्या यंत्रावर उबुंटू २४.०४ ही कार्यप्रणाली बसवून त्यावर अपाची (वेबपाने पाठवणारा सर्व्हर) आणि पीएचपी ८.३ (पाने तयार करणारी प्रोग्रामिंग भाषा) घातले, आणि महिनाभर सर्व सुरळीत चालले. गेल्या रविवारी पाने लवकर उघडावीत या हेतूने एचटीटीपी/२ ही पाने पाठवण्याची नवी पद्धत सुरू करण्याचे मनावर घेतले आणि एका चित्रफितीत दाखवल्याप्रमाणे ‘पीएचपी८.३’ व ‘एमपीएम_प्रीफोर्क’ ही अपाचीची मॉड्यूल (जोडभाग) बंद करून ‘एमपीएम_इव्हेंट’ व ‘एचटीटीपी२’ चालू केली. तेव्हापासून सूचीचे पान उघडण्याऐवजी ब्राउझर ‘इंडेक्स.पीएचपी’ ही फाइलच उतरवून घेतो.

टर्मिनलवर ‘पीएचपी -व्ही’ दिल्यास ८.३ ही आवृत्ती व्यवस्थित दिसते, म्हणजे पीएचपी यंत्रावर आहे. मात्र मॉड्यूल चालू करणारी ‘सुडो ए२एनमॉड पीएचपी८.३’ ही आज्ञा दिली की ‘एमपीएम_इव्हेंट’ चालू असल्याने विरोध आहे, आधी ते बंद करा, अशा अर्थाचा संदेश येतो. ही दोन्ही मॉड्यूल एकत्र चालवण्याचा काही मार्ग आहे का? यंत्रात ४ जीबी मेमरी आहे. सूची इंटरनेटवरूनही पाहता येते, पण सुरक्षित जोडणीसाठी लागणारे एसएसएल प्रमाणपत्र अद्याप घेतलेले नाही.

सीताबर्डीकर

मॉड्यूलचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवा. आपली सूची बाहेरून दिसते आणि पीएचपी फाइली रविवारपासून जशाच्या तशा बाहेर जात आहेत, याचा अर्थ ज्या फाइलीत डेटाबेसचा पासवर्ड लिहिला आहे ती फाइलही ज्याला नाव ठाऊक असेल त्याने उतरवून घेतली असू शकते, आणि अशा फाइलींची ठरावीक नावे चाचपून पाहणारे प्रोग्राम इंटरनेटवर अखंड फिरत असतात. तेव्हा आधी ‘सुडो सिस्टमसीटीएल स्टॉप अपाची२’ द्या, मग डेटाबेसचा पासवर्ड बदला. तोच पासवर्ड आणखी कोठे वापरला असेल तर तेथेही बदला. ही फाइल पुढे वेबच्या मूळ फोल्डरच्या बाहेर हलवली तर फारच उत्तम.

आता मूळ प्रश्न. ‘पीएचपी -व्ही’ने जे दिसले ते टर्मिनलसाठीचे पीएचपी होय, अपाचीमध्ये पीएचपी आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. अपाचीने खरोखर काय चढवले आहे हे ‘अपाची२सीटीएल -एम’ सांगते. आपण ज्याला पीएचपीचे मॉड्यूल म्हणत आहात ते अपाचीच्या प्रक्रियेच्या पोटात बसून चालते. ‘प्रीफोर्क’मध्ये प्रत्येक मागणीला स्वतंत्र प्रक्रिया मिळते, तर ‘इव्हेंट’मध्ये एकाच प्रक्रियेतील अनेक थ्रेड (समांतर चालणारे कामाचे धागे) मागण्या वाटून घेतात. उबुंटूमधील पीएचपी अशा थ्रेडच्या वातावरणासाठी बांधलेले नसल्यामुळे ही दोन्ही एकत्र चालवण्यास ‘ए२एनमॉड’ नकार देते, आणि तो नकार योग्यच आहे. काही जण ‘मॉड्स-एनेबल्ड’ या चालू मॉड्यूलच्या फोल्डरात हाताने दुवा घालून तो टाळू पाहतात. तसे करू नका.

‘इव्हेंट’ ठेवायचे असेल तर पीएचपी अपाचीच्या बाहेर काढून एफपीएम या वेगळ्या सेवेकडे सोपवावे लागते. ‘सुडो एपीटी इन्स्टॉल पीएचपी८.३-एफपीएम’ द्या, नंतर ‘सुडो ए२एनमॉड प्रॉक्सी_एफसीजीआय सेटएन्व्हइफ’ आणि ‘सुडो ए२एनकॉन्फ पीएचपी८.३-एफपीएम’. शेवटची आज्ञा मॉड्यूलसाठी नसून मांडणीच्या फाइलीसाठी आहे, तेथे पुष्कळांची गल्लत होते. ‘अपाची२सीटीएल कॉन्फिगटेस्ट’ने तपासल्याशिवाय अपाची सुरू करू नका, आणि सुरू केल्यावर ब्राउझरच्या खाजगी खिडकीत पाहा, कारण साधी खिडकी कधी कधी जुनाच प्रतिसाद दाखवत राहते.

अंबाझरीकाठ

वरील उत्तर बरोबर आहे, पण या वाचनालयाला त्याची गरज आहे का, असा मला प्रश्न पडतो. ब्राउझर एचटीटीपी/२ फक्त सुरक्षित जोडणीवरच वापरतात. प्रमाणपत्रच नसेल तर ‘एचटीटीपी२’ चालू करून एका पानाचाही वेग वाढणार नाही. म्हणजे रविवारची सगळी खटपट ज्यासाठी झाली ते मिळणारच नव्हते. ‘इव्हेंट’ आणि ‘एचटीटीपी२’ बंद करावे, ‘प्रीफोर्क’ व ‘पीएचपी८.३’ चालू करावे आणि अपाची नव्याने सुरू करावी, की पाच मिनिटांत सूची पूर्ववत होईल. ‘एचटीटीपी२’ बंद करायचे कारण असे की अपाची २.४.२७ या २०१७ सालच्या आवृत्तीपासून ते मॉड्यूल ‘प्रीफोर्क’खाली चालतच नाही.

सीताबर्डीकर

प्रमाणपत्राचा मुद्दा माझ्या नजरेतून सुटला होता, तो मान्य. तरीही मी एफपीएमकडेच झुकेन. लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र विनामूल्य मिळते आणि बाहेरून दिसणाऱ्या सूचीला ते आज ना उद्या घ्यावेच लागेल. शिवाय ‘प्रीफोर्क’मध्ये साधे चित्र पाठवणारी प्रक्रियासुद्धा पीएचपीचे ओझे पोटात घेऊन बसते, ४ जीबीच्या यंत्रावर डेटाबेसही चालत असेल तर हा फरक जाणवतो.

ग्रंथसेवक_नागपूर

दोघांचेही आभार. अपाची थांबवून पासवर्ड त्याच रात्री बदलला, लॉगमध्ये ‘कॉन्फिग.पीएचपी’साठी अनोळखी पत्त्यांवरून मागण्या आलेल्या दिसल्या, तेव्हा भीती निराधार नव्हती. नंतर एफपीएम बसवले, तर फाइल उतरणे थांबले, पण प्रत्येक पानावर ५०० क्रमांकाची चूक येऊ लागली. ‘एचटीअ‍ॅक्सेस’ या अपाचीच्या फोल्डरनिहाय मांडणीच्या फाइलीत ‘पीएचपी_व्हॅल्यू’ने सुरू होणारी एक जुनी ओळ होती, ती काढताच सूची उघडली.

याच निमित्ताने एक जुने दुखणेही विचारतो. नवे यंत्र बसवल्यापासून पुस्तकांची लांब शीर्षके सूचीत तोडून दाखवताना शेवटी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्हाचा चौकोन येतो. इंग्रजी शीर्षकांना असे होत नाही.

सीताबर्डीकर

‘पीएचपी_व्हॅल्यू’ ही आज्ञा अपाचीतील पीएचपी मॉड्यूलच पुरवते. ते गेले की अपाचीला ती ओळ परकी वाटते. त्या ओळीतील मांडणी आता ‘.यूजर.आयएनआय’ फाइलीत लिहावी, किंवा एफपीएमच्या स्वतंत्र ‘पीएचपी.आयएनआय’मध्ये.

शीर्षकांचे दुखणे ‘एमबीस्ट्रिंग’ नसल्याचे असावे. हेही मॉड्यूलच, पण अपाचीचे नव्हे, पीएचपीचे. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, त्यामुळे ‘नागपूर’ या शब्दाची लांबी साधे ‘एसटीआरलेन’ १८ सांगते आणि ‘एमबी_एसटीआरलेन’ ६ सांगते. आपला प्रोग्राम मजकुराचा तुकडा कापणारे ‘एमबी_सबस्टर’ सापडले नाही म्हणून साध्या ‘सबस्टर’वर येत असेल आणि चिन्हाच्या मधोमध कात्री चालवत असेल. ‘सुडो एपीटी इन्स्टॉल पीएचपी८.३-एमबीस्ट्रिंग’ द्या. त्यानंतर अपाची नव्हे, ‘पीएचपी८.३-एफपीएम’ ही सेवा नव्याने सुरू करा, कारण पीएचपी आता तेथे राहते.

अंबाझरीकाठ

एक पुस्ती जोडतो. ‘एमबी_सबस्टर’ने चौकोन जातील, पण काना, मात्रा, वेलांटी ही चिन्हे तेही वेगळी मोजते, त्यामुळे ‘पू’ तुटून नुसता ‘प’ उरू शकतो. अक्षर अखंड राहायला हवे असेल तर ‘पीएचपी८.३-आयएनटीएल’ बसवून ‘ग्राफीम_सबस्टर’ वापरावे. त्याच्या जोडीचे ‘ग्राफीम_एसटीआरलेन’ ‘नागपूर’ची अक्षरे ४ मोजते.

ग्रंथसेवक_नागपूर

दोन्ही बसवले आणि शीर्षके तोडणारी ओळ ‘ग्राफीम_सबस्टर’ने बदलली. चौकोन गेले. ‘पीएचपी८.३’ चालू करण्याच्या खटाटोपात तपासणीसाठी पीएचपीची सगळी मांडणी उघड दाखवणारे ‘पीएचपीइन्फो’चे एक पान मी मूळ फोल्डरातच ठेवले होते, तेही आत्ताच काढून टाकले.